भट्टी एकट्याची नसते

कराडच्या आसपास ज्यांचं बालपण गेलं त्यांना गुऱ्हाळ समजावून सांगावं लागत नाही. काहिलीत रस आटत आलेला असतो, मोठमोठे बुडबुडे बारीक होत गेलेले असतात, आणि काकवी उतरायच्या बेतात आली की गुळव्या भोवती घुटमळणाऱ्या पोरांना उसाचं एकेक कांडं काढून देतो. ते कांडं काहिलीच्या कडेला हलकेच टेकवायचं, फिरवत वर उचलायचं आणि फिरवतच राहायचं. फिरवायचं थांबलात की काकवी एका अंगाने ओघळते, तिची तार जमिनीला लागते आणि हातात नुसतं चिकट कांडं उरतं. फिरवत राहिलात तर टोकाशी तांबूस सोनेरी गोळा धरतो. हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. मनगटाला ते येत होतं.

तीस वर्षांनी अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या एका काचेच्या स्टुडिओत, भट्टीचं दार माझ्यासाठी पहिल्यांदा उघडलं. आत असा उजेड होता की भट्टीची भिंत कुठे संपते आणि काच कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळेना. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मधाच्या बरणीत चमचा फिरवतेस तसं कर. मी पोलादी नळीचं टोक आत नेलं, काचेला टेकवलं, दोन-तीन वळसे दिले आणि फिरवतच बाहेर काढलं. टोकाशी लिंबाएवढा गोळा धरला होता, लालभडक आणि गोल. बाईंनी विचारलं, आधी कुठे शिकलीस का? त्यांना काहील, गुळव्या आणि उसाचं कांडं समजावून सांगण्यात त्या दिवशीचा बराच वेळ गेला. त्यानंतरची दोन वर्षं मात्र मला एकही भांडं सरळ उभं करता आलं नाही. गोळा धरणं ही काचेची बाराखडी आहे. वाचन फार पुढे असतं.

हे पुस्तक त्या संध्याकाळनंतरच्या नऊ वर्षांतून आलेलं आहे. मी काचेची कलावंत नाही. नोकरी हिशेबाची. मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ आणि महिन्यातला एखादा रविवार, एवढाच माझा काचेचा वेळ. पण जगात असंख्य माणसं काच अशीच शिकतात, नोकरी आणि घर सांभाळून, पोटासाठी नव्हे तर ओढ लागली म्हणून. अशा माणसाच्या हाताशी मराठीत काहीतरी असावं, या इच्छेने हे लिहायला घेतलं. पुढची सगळी प्रकरणं तंत्राची आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती इथे आधी मांडते. चित्रं घरच्या टेबलावर काढायला शिकता येतं, मातीकामाचं चाक गॅलरीत बसवता येतं, विणकामाला खिडकीजवळची खुर्ची पुरते. फुंकून काच घडवणं घरी शिकता येत नाही. तिला रात्रंदिवस पेटती भट्टी लागते, आणि रात्रंदिवस पेटती भट्टी एका हौशी माणसाला परवडत नाही, पेलतही नाही.

काच म्हणजे मुळात वाळू. पण नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १,७०० अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. तीत सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी उष्णतेत वितळते. मात्र नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून तिसरा घटक चुना. वाळू, सोडा आणि चुना या तिघांच्या बळावर आपल्या खिडक्या, बाटल्या आणि पेले उभे आहेत, आणि बहुतेक स्टुडिओंच्या भट्टीतही याच कुळातली काच असते. काम चालू असताना ती साधारण १,१०० ते १,१५० अंशांवर ठेवतात. रात्री सगळे घरी गेल्यावर मुशीत नवा माल भरून उष्णता आणखी वाढवतात, म्हणजे आतले बुडबुडे वर येऊन निघून जातात आणि सकाळी काच निर्मळ मिळते. मूस एकदा तापली की तिला थंड होऊ देणं धोक्याचं, कारण आतली काच आणि मूस दोन्ही तडकण्याची भीती. म्हणून भट्टी महिनोन्‌महिने विझत नाही. दिवाळीला नाही, नाताळला नाही, कुणी काम करत नसलं तरी नाही. स्टुडिओचं भाडं तासावर का असतं आणि ते मातीकामापेक्षा इतकं जास्त का असतं, त्याचं उत्तर या न विझणाऱ्या आगीत आहे. तुम्ही भरता ते पैसे जागेचे कमी आणि आगीचे जास्त असतात.

काचेचा दुसरा स्वभाव असा की तिला ठरलेला वितळबिंदू नाही. बर्फ शून्य अंशाला पाणी होतो, तिथे एक रेघ असते. काच रेघ ओलांडत नाही, ती हळूहळू मऊ होते आणि हळूहळूच आळते. भट्टीतून काढली तेव्हा काकवी, थोड्या वेळाने चिक्कीचा पाक, मग मेण, मग दगड. शिकणाऱ्याचं सगळं आयुष्य या चार अवस्थांच्या मधल्या फटींत जातं. कुठली गोष्ट कुठल्या अवस्थेत करायची हे कळलं की काच अर्धी आली. आणि हे सगळं तिला हात न लावता कळायला हवं. कुंभाराचा अंगठा मातीत असतो, आचाऱ्याची दोन बोटं पाकाची तार बघतात. काचेत हातापेक्षा डोळा आणि डोळ्यापेक्षा नळी बोलते: गोळा मऊ असेल तर नळी फिरवताना तो किंचित मागे राहतो, लोंबतो, आणि ते लोंबणं मनगटाला कळतं.

हात काचेच्या सगळ्यात जवळ जातो तो वर्तमानपत्रातून. आठ-दहा पानं एकावर एक घेऊन तळहाताएवढी घडी घालायची, पाण्यात पुरती भिजवायची आणि पाणी निथळलं की ती घडी तळव्यावर ठेवून तापलेल्या काचेखाली धरायची. काच आणि कातडी यांच्यामध्ये एवढाच ओला कागद. वाफ उठते, कागद करपल्याचा वास येतो, आणि त्या घडीतून भांड्याचं पोट, त्याची गोलाई, त्याची कललेली बाजू तळव्याला जाणवते. जगभरातल्या काचशाळांत हीच पद्धत आहे, तिच्यासाठी याहून चांगलं साधन अजून निघालेलं नाही. एकदा माझ्याकडचा कागद संपला, तेव्हा आईने पाठवलेल्या लाडवांच्या डब्याभोवतीचं वर्तमानपत्र वापरलं. काम संपल्यावर काळ्या पडलेल्या घडीच्या आतल्या पानावर कोयनेच्या पाणीसाठ्याची अर्धी बातमी अजून वाचता येत होती. ती घडी मी ठेवून दिली आहे.

आता एक साधा पेला कसा होतो ते सांगते, कारण पुस्तकातली बहुतेक प्रकरणं या एका पेल्याचे तुकडे आहेत. साडेचार-पाच फुटांची पोलादी पोकळ नळी, तिला मी या पुस्तकात फुंकणी म्हटलं आहे. चुलीपुढे बसून जाळ फुलवणाऱ्या आपल्या आज्यांनी हा शब्द घरात ठेवून दिला होता, तो इथे चपखल बसतो. फुंकणीचं टोक आधी तापवायचं, थंड लोखंडाला काच धरत नाही. पहिला गोळा घेतला की पोलादी टेबलावर लोळवून त्याला आकार द्यायचा आणि त्याची वरची कातडी थोडी निववायची. मग फुंकणी ओठाला लावून गालातली हवा आत ढकलायची आणि लगेच तोंडावर अंगठा दाबायचा. कोंडलेली हवा काचेच्या उष्णतेने फुगते, आणि क्षणभराने गोळ्याच्या पोटात हरभऱ्याएवढा बुडबुडा डोळे उघडतो. लोकांना वाटतं या कामाला पैलवानाची छाती लागते. तसं नाही. जोर लावून फुंकणारा नवखा असतो. जाणता माणूस हवा सोडतो आणि वाट बघतो.

बुडबुड्यावर दुसऱ्यांदा काच घ्यायची. आता वजन वाढतं, उष्णताही. चेरीच्या लाकडाची, पाण्यात भिजत ठेवलेली पळीसारखी वाटी, म्हणजे ब्लॉक, गोळ्याखाली धरून तो गोल करायचा. मग बाकावर बसायचं. या बाकाला दोन्ही बाजूंना आडव्या दांड्या असतात, त्यांवर फुंकणी डाव्या तळव्याने पुढे-मागे लोळवत राहायची, आणि उजव्या हातातल्या मोठ्या चिमट्याने, म्हणजे जॅकने, काचेला मान पाडायची. या मानेकडे नवखे दुर्लक्ष करतात, मीही केलं. पण पुढे भांडं फुंकणीपासून सुटणार ते इथूनच. मान जाड राहिली तर सुटताना तडा भांड्यात शिरतो. मधेमधे उठून दुसऱ्या, तापवायच्या भट्टीच्या गोल तोंडाशी जायचं, काच पुन्हा मऊ करायची, परत यायचं. तळ लाकडी फळीने सपाट करायचा. आणि मग पेला एका नळीवरून दुसरीवर न्यायचा असतो, कारण आतापर्यंत त्याचं तोंड फुंकणीला चिकटलेलं आहे आणि काम तोंडाचं बाकी आहे.

इथे दुसरा माणूस पुढे येतो. त्याने एका भरीव सळईवर, जिला सगळे पंटी म्हणतात, बोराएवढी काच घेतलेली असते. ती तो तळाच्या बरोबर मध्यावर टेकवतो. फार गरम असेल तर कायमची चिकटेल, फार थंड असेल तर वाटेत सुटेल. बाकावरचा माणूस मानेवर पाण्याचा थेंब सोडतो, फुंकणीवर लाकडाने एक टिचकी देतो, आणि भांडं सुटून पंटीवर जातं. ही टिचकी आणि तिच्यानंतरचा अर्धा सेकंद मला नऊ वर्षांनंतरही अंगावर येतो. त्या अर्ध्या सेकंदात तुमचं तासाभराचं काम दुसऱ्याच्या हातात असतं, आणि त्याने ते नीट धरलेलं असतं. मग तोंड तापवून चिमट्याने उघडायचं, कड सरळ करायची, आणि जाड हातमोजे घातलेला तिसरा माणूस असेल तर त्याच्या हातात पेला द्यायचा. हा माणूस पेला निववायच्या पेटीत ठेवतो. तिथे साधारण ४८० अंशांवर भांडं काही काळ राहतं आणि रात्रभरात हळूहळू थंड होतं. हे न करता टेबलावर ठेवलं तर बाहेरची कातडी आधी आकसते, आतला गर मागे राहतो, आणि ही ओढाताण काचेत कोंडून पडते. भांडं मग लगेच फुटेल, किंवा आठवड्याने, कपाटात, कुणी हात न लावता फुटेल.

म्हणजे जो पेला तुम्ही सहा वाजता सुरू केलात तो तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसतो. लाल असताना त्याचा रंग कळत नाही, जाडी कळत नाही. माझ्या पहिल्या धड पेल्याचा तळ अर्धा इंच जाड होता आणि कड कागदासारखी पातळ. मी तो शनिवारी घरी आणला आणि त्यात गरम चहा ओतला. कड आणि तळ एकमेकांशी सहमत झाले नाहीत, पेल्याला तळापासून कडेपर्यंत चीर गेली. भिंत सगळीकडे सारखी असणं हा सौंदर्याचा प्रश्न नव्हे, टिकण्याचा प्रश्न आहे, हे त्या चहाने शिकवलं. म्हणून माझं ठाम मत आहे आणि पुस्तकाची मांडणीही त्यावरच आहे: पहिलं वर्ष फक्त बिनरंगी सरळ पेला. फुलं नाहीत, रंगीत शंख नाहीत, पेपरवेट नाहीत. रंग काचेच्या चुका झाकतो. एक-दोन तासांच्या वर्गात पाहुण्यांना रंगीत गोळा करून घरी पाठवतात, ते चांगलंच आहे, त्यातून गोडी लागते. पण त्याला शिकणं म्हणू नये.

हे सगळं एका माणसाच्या छोट्या जागेत करता येतं हा विचार तसा नवा आहे. फुंकून काच घडवण्याची युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सापडली, आणि रोमन साम्राज्याने ती सगळीकडे नेली. पण त्यानंतर जवळजवळ दोन हजार वर्षं काच कारखान्यांची आणि घराण्यांची राहिली. व्हेनिसने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने आपल्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, आणि मग तिथल्या कारागिरांना मान दिला, पैसा दिला, फक्त बेट सोडून जाऊ दिलं नाही. विद्या बापाकडून मुलाकडे जायची. बाहेरच्या माणसाने, त्यातही हौशी माणसाने, भट्टीजवळ येण्याचा प्रश्नच नव्हता.

ती भिंत पडली १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात. हार्वी लिटलटन हे कुंभारकाम शिकवणारे प्राध्यापक. त्यांचा जन्म कॉर्निंगचा, वडील तिथल्या काचकारखान्यात पदार्थविज्ञानाचे संशोधक. (१९१३ मध्ये हार्वी यांच्या आईने कारखान्यातल्या बॅटरीच्या बरणीचा कापलेला तळ भांडं म्हणून वापरून त्यात केक भाजला होता, आणि पायरेक्सची भांडी निघण्यामागे त्या केकचा वाटा आहे. काचेच्या इतिहासात स्वयंपाकघराचा उल्लेख क्वचित येतो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवते.) लिटलटन यांना वाटत होतं की कुंभार जसा आपल्या भट्टीसह एकटा काम करू शकतो तसं काचेतही जमलं पाहिजे. टोलेडोच्या कला संग्रहालयाने आवारातली एक शेड दिली. मार्चमधला पहिला प्रयोग फसण्याच्या वाटेवर होता: मूस फुटली, मिश्रण नीट वितळेना. मग काचतंतूंच्या उद्योगात संशोधन करणारे डॉमिनिक लबिनो मदतीला आले. त्यांनी भट्टीची रचना बदलायला सुचवलं आणि काचतंतूंसाठी बनवलेल्या, कमी उष्णतेत वितळणाऱ्या काचगोट्या पुरवल्या. काच वितळली, पण जमलेल्या कुंभारांपैकी कुणाला फुंकता येईना. शेवटी हार्वी लीफग्रीन नावाचे, कारखान्यातून निवृत्त झालेले जुने कारागीर पुढे आले आणि त्यांनी करून दाखवलं.

मला या गोष्टीत लिटलटन यांच्याइतकेच लीफग्रीन महत्त्वाचे वाटतात. एकट्या कलावंताच्या स्वातंत्र्यासाठी जी भट्टी पेटली ती पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त कामगाराच्या हातावाचून अडली होती. लिटलटन पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात काच शिकवू लागले, त्यांचे विद्यार्थी देशभर पसरले. त्यांतले एक डेल चिहुली. ते १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर मुरानोला गेले आणि परतताना तिथली संघाने काम करण्याची पद्धत घेऊन आले. १९७१ मध्ये त्यांनी हाउबर्ग दांपत्याच्या साहाय्याने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पिलचकची काचशाळा सुरू केली. अपघातात एक डोळा गेल्यावर आणि पुढे खांदा निखळल्यावर त्यांनी स्वतः नळी धरणं सोडलं, पण काम वाढतच गेलं, कारण ते एका हातावर उभं नव्हतं. १९७९ मध्ये मुरानोचे लिनो ताल्यापिएत्रा पिलचकला शिकवायला आले. शाळकरी वयात भट्टीवर लागलेला आणि विशीच्या सुरुवातीलाच माएस्त्रो झालेला हा माणूस, बेटाने शतकानुशतकं जपलेली विद्या अनोळखी अमेरिकन पोरांपुढे मोकळी करून बसला. त्याबद्दल बेटावरच्या लोकांनी त्यांना दोष दिला. मी ज्या बाईंकडे शिकले त्या अशाच कुणाच्या तरी शिकवणुकीतून आलेल्या. माझ्या मंगळवारच्या वर्गापर्यंत ही विद्या पोचली ती कुणीतरी हातचं राखून न ठेवल्यामुळे.

आणि आता आपल्याकडची गोष्ट, जी मला सिअ‍ॅटलमध्ये बसून पुन्हा सापडली. सामाईक भट्टीची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभे करायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचकारखाना निघाला. तो नुसता कारखाना नव्हता, शाळा होती. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवत. फुंकणी कशी धरायची हे न कळणाऱ्या मुलांना तिथे हात मिळाला, आणि ती मुलं पुढे इतर प्रांतांतल्या काचकारखान्यांत गेली. एकेका पैशाने पेटवलेली भट्टी! जगाच्या काचेच्या इतिहासात अशी दुसरी भट्टी मला माहीत नाही. मुरानोची भट्टी घराण्यांची, टोलेडोची संग्रहालयाच्या शेडमधली. तळेगावची भट्टी, शब्दशः, सगळ्यांची.

कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना आला तो त्याच पिढीतला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने घराघरांत उजेड दिला, आणि वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळालं. आमच्या घरी वीज आल्यानंतरही एक प्रभाकर खुंटीला होता. आजी दिवस मावळायच्या आधी त्याची काच काढायची, चुलीतली राख चिंधीवर घ्यायची आणि मनगट आत घालून गोल गोल पुसायची. मग उजेडाकडे धरून बघायची. यंत्रं येण्यापूर्वी कंदिलाच्या काचा साच्यात फुंकूनच होत असत. आज मी माझा पेला खिडकीशी धरून भिंतीची जाडी बघते तेव्हा माझ्या हाताची ठेवण आजीची असते. ती ज्या गावच्या काचेत हात घालत होती तिथे काच फुंकणारी माणसं आमच्या घरापासून काही मैलांवर राहत होती. मला फुंकणी धरायला शिकायला समुद्रापार जावं लागलं, याची खंत मनात आहे आणि ती इथे लपवत नाही.

भारतात काच फुंकणारे हात संपलेले नाहीत. फिरोजाबादच्या भट्ट्या चालू आहेत. बांगड्यांचं गाव म्हणून ते माहीत असतं, पण झुंबरं, हंड्या आणि दिव्यांच्या काचाही तिथे फुंकून होतात. ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यातल्या उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्यावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला, तेव्हापासून तिथल्या आगीचं रूप बदललं. गुजरातेत कपडवंजला कारागीर काचेचा मोठा पातळ फुगा फुंकतात, त्याला आतून चंदेरी करतात आणि फोडून त्याचे छोटे तुकडे कापतात. कच्छी भरतकामातले आरसे हे असे फुग्याचे तुकडे असतात, म्हणून त्यांना किंचित बाक असतो आणि ते कुठूनही उजेड पकडतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत वैज्ञानिक उपकरणं घडवणारे काचकारागीर असतात. ते भट्टीवर नव्हे, ज्योतीवर काम करतात, आणि त्यांची अचूकता बघताना माझ्यासारखीने गप्प उभं राहावं. पण जिथे कुणीही हौशी माणूस संध्याकाळी जाऊन तासाचं भाडं भरून फुंकणी हातात घेईल, असे स्टुडिओ आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके आहेत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मी तीन तास भट्टीपुढे उभी राहते आणि थंड हवेत बाहेर पडते. फिरोजाबादचा कामगार मे महिन्यात पूर्ण पाळी तिथे उभा असतो, आणि त्याला मिळणाऱ्या मोबदल्यात माझ्या एका संध्याकाळचं भाडंही निघणार नाही. हौस ही सवलत आहे. ती मिळाली म्हणून अपराधी वाटून घ्यायची गरज नाही, पण ती मिळालेल्या माणसाने बांगडीची किंवा कंदिलाच्या काचेची किंमत करताना घासाघीस करू नये. हौशी शिक्षणाचा हा एक फायदा मी मोठा मानते: ज्याने स्वतः पेला फुंकला आहे त्याला हाताने फुंकलेल्या वस्तूतला श्रम पुन्हा कधी अदृश्य होत नाही.

कामाच्या काही गोष्टी थोडक्यात, सविस्तर पुढे येतीलच. अंगात सुती कपडे हवेत, कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. बूट बंद. केस बांधलेले. भट्टीत डोकावताना डोळ्यांवर योग्य चष्मा. माल भरताना वाळूची धूळ उडते, ती फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा मुखवट्याशिवाय त्या बाजूला फिरकू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लाल काचेने सहसा कुणी भाजत नाही, तिची भीती डोळ्यांनाच वाटते. भाजतं ते लाली उतरलेल्या काचेने. चारशे अंशांची काच आणि थंड काच दिसायला अगदी सारखी असते. आमच्या स्टुडिओत जमिनीवर पडलेला तुकडा कुणी उचलत नाही, आधी हाताची मागची बाजू दुरून जवळ नेतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इथे तोंड पोळायच्या आधीच फुंकून प्यायची सवय लावून घ्यावी.

शिकण्याचं वय विचाराल तर माझ्या वर्गात विशीतली मुलगी होती आणि सत्तरीचे आजोबाही. ताकद कमी पडते ती मोठ्या भांड्यांना, पेल्याला नाही. कमी पडतो तो धीर, आणि दुसऱ्याच्या कामात हात द्यायची तयारी. ज्या संध्याकाळी तुमचं काही होत नाही त्या संध्याकाळी दुसऱ्याची पंटी आणा, दुसऱ्यासाठी दार उघडा, त्याने म्हटलं की फुंका, त्याने म्हटलं की थांबा. मी जे शिकले त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या भांड्यांवर शिकले. माझ्या कपाटात माझे अकरा पेले आहेत, पण माझा श्वास ज्यांत आहे असे पेले शहरातल्या कितीतरी घरांत आहेत.

शेवटी शब्दांबद्दल. हे पुस्तक लिहिताना मला पावलोपावली शब्द अडले. फुंकणी, मूस, निववणे हे घरातून मिळाले. पंटी, जॅक, ब्लॉक हे मी स्टुडिओतून जसेच्या तसे आणले, कारण बनवलेला शब्द भट्टीजवळ चालत नाही, तिथे ओरडून सांगता येईल असाच शब्द लागतो. पण तळेगावला आणि ओगलेवाडीला मराठी माणसांनी वर्षानुवर्षं काच फुंकली. ती मुकी राहून फुंकली नसेल. त्या चिमट्याला, त्या लाकडी वाटीला, त्या टिचकीला, ‘थांब’ आणि ‘आता’ म्हणायला त्यांचे शब्द असणार. तुमचे आजोबा, पणजोबा, आत्या, शेजारी, कुणी त्या कारखान्यांत काम केलेलं असेल आणि त्यांच्या तोंडचा एखादा शब्द घरात अजून कुणाला आठवत असेल, तर तो विचारून घ्या, उच्चारासह लिहून ठेवा, आणि प्रकाशकांच्या पत्त्यावर मला कळवा. पुढच्या आवृत्तीत माझे शब्द काढून ते घालीन.